सूनबाईला भोवरा हवा

३ मार्च, सोमवार

सूनबाईला भोवरा हवा आहे. तोही पाण्याचा, चांगला गरगरणारा आणि माणसांना दाखवता येईल असा. आणि तो तिने मागितला कुणाकडे? माझ्याकडे!

पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर मी छत्तीस वर्षं भोवरे मारण्यात घालवली. विहिरीतलं पाणी पंपाने ओढलं की पाइपच्या तोंडाशी ते फिरायला लागतं, मधे खळगा पडतो, खळग्यातून हवा आत घुसते आणि पंपाची पाती खाऊन टाकते. त्यावर उपाय सोपा. पाइपच्या तोंडात दोन पट्ट्यांची फुली बसवायची, की भोवरा जागच्या जागी ठार. अशा किती फुल्या बसवल्या याची गणती नाही.

कारण असं आहे. सूनबाईचा अभ्यास दीर्घिकांचा. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मोठाले थवे. नाव ऐकून मला आधी तिची कुणी मावशी वाटली होती. तर एका तारांगणाने तिला मुलाखतीला बोलावलंय, चोवीस तारखेला. आकाशातली एक गोष्ट साध्या माणसाला पंधरा मिनिटांत समजावून सांगायची, आणि ती सुद्धा हात लावून बघता येईल अशी वस्तू घेऊन. याआधी दोन ठिकाणी तिला नाही म्हणालेत. "बाबा, ही शेवटची. यानंतर मी वयात बसत नाही," म्हणाली. हसत म्हणाली, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ते गाव इथून एक दिवस आणि एक रात्र दूर आहे. चिरंजीवांचं काम संगणकावरचं, कुठूनही होतं. म्हणजे तिला नोकरी लागली की दोघंही जाणार. अर्थात आनंदच आहे.

पंपहाऊसवर लॉगबुक लिहायची सवय होती. निवृत्तीनंतर चार वर्षं लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आजपासून पुन्हा लिहायचं ठरवलंय.

५ मार्च, बुधवार

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोल टब बसवला. तळाला भोक, भोकाला पाइप, पाइपला व्हॉल्व्ह. काम देखणं झालं. संध्याकाळी सूनबाई शाईची बाटली घेऊन आली. पाणी भरलं, हाताने थोडं फिरवलं, व्हॉल्व्ह सोडला. पाणी आपलं सरळ, सभ्यपणे खाली गेलं. भोवऱ्याचं नाव नाही.

तिने पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मग ती टबात वाकली, आत हात घातला आणि म्हणाली, "बाबा, हे काय?"

फुली होती. मीच बसवली होती! चांगली घासून, चार स्क्रू मारून. कधी बसवली ते मला आठवतसुद्धा नाही.

सूनबाई हसत सुटली ती उपड्या बादलीवर बसूनच राहिली. चिरंजीव खिडकीतून डोकावून गेले. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

६ मार्च, गुरुवार

फुली काढली. स्क्रू चारच होते, पण का कोण जाणे, तासभर गेला. भोवरा आला.

९ मार्च, रविवार

भोवरा एवढा सुंदर की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. सूनबाईने शाईचे थेंब सोडले की त्यांच्या लांब वळणदार शेपट्या होतात, आणि तिच्या पुस्तकातल्या दीर्घिकेला असतात तसे हात दिसतात. मी म्हणालो, "झालं काम. आता पेढीवर बसलेल्या माणसासारखं निवांत जा मुलाखतीला."

पण तिचं तोंड उतरलेलं. म्हणाली, "बाबा, दिसायला तसंच आहे, पण खोटं आहे."

"खोटं कसं? पाणी खरं, शाई खरी."

"एक म्हणजे भोवऱ्यात सगळं मधल्या भोकात जातं. दीर्घिकेत तारे मधे पडत नाहीत, आपल्या वाटेने फिरत राहतात. मधे भोक आहे आणि ते सगळं गिळतंय, असं लोक घरी घेऊन जातील. आणि दुसरं, हे बघा."

तिने व्हॉल्व्ह बंद केला, पाणी नुसतं फिरत ठेवलं आणि एक थेंब टाकला. छान शेपटी झाली. मग ती शेपटी मधे भरभर आणि कडेला सावकाश फिरली, गुंडाळली, अजून गुंडाळली, आणि वीस आकडे मोजेपर्यंत सगळीकडे नुसता निळसर गढूळपणा उरला.

"मधलं पाणी लवकर फेरी मारतं, कडेचं उशिरा," ती म्हणाली. "ताऱ्यांचंही तसंच. मग हात जर ताऱ्यांचे बनलेले असतील आणि तेच तारे त्यात कायम राहत असतील, तर दोन-चार फेऱ्यांत ते असेच गुंडाळून नाहीसे व्हायला हवेत. पण आकाशात ते दिसतात, जिकडे बघावं तिकडे. म्हणजे हात हे वस्तूचे नाहीत. ती लाट आहे, गर्दीची लाट. तारे तिच्यात शिरतात, जरा दाटीवाटीने जातात आणि पुढून बाहेर पडतात. हे मी कसं दाखवू?"

मला निम्मं कळलं. उरलेलं तिचं तोंड बघून कळलं.

१० मार्च, सोमवार

सूनबाई सकाळी जेवली नाही. "तिसऱ्यांदा नाही म्हणतील, मग मी शिकवण्या घेईन," एवढंच म्हणाली. वाईट वाटलं. चांगल्या शिकवण्या मिळतील की आपल्याच गल्लीत, असंही मनात आलं. आलं ते लिहिलं.

ती सारखी लाट, लाट करत होती, तेवढ्यात मला गेट आठवलं. तिला स्कूटरवर मागे बसवून कालव्यावर नेलं. कालव्याचं गेट अर्धं उघडं असलं की खालून पाणी पातळ थराने सुसाट येतं, आणि पुढे हातभर अंतरावर एकदम उसळतं. तिथे पाण्याचा उंचवटा उभा राहतो.

मी म्हणालो, "हा उंचवटा मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून इथे आहे. चाळीस वर्षांत एक वीत हलला नाही. आणि त्यातलं पाणी बघ, क्षणभरही थांबत नाही."

सूनबाईने काठावरचं वाळकं पान उचलून टाकलं. ते उंचवट्यावर चढलं, अडखळलं आणि पलीकडे उतरून निघून गेलं. दुसरं टाकलं. तिसरं. मग ती वळली आणि भर कालव्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ओरडली, "बाबा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं!"

मला काही माहीत नव्हतं. मला फक्त गेट माहीत होतं. पण घरी येईपर्यंत ती मागच्या सीटवर बसून बोलत होती आणि मी उगाच लांबच्या रस्त्याने आलो.

१३ मार्च, गुरुवार

नवं यंत्र. सूनबाईचं डोकं, माझे हात आणि वेल्डरचं वेल्डिंग. हा वेल्डर माझा पंपहाऊसवरचा जोडीदार, जिभेला हाड नाही.

भोकाचा टब बाद. आता एक पांढरी उथळ परात. तिचा मधला भाग वेगळा कापलाय, तो मोटरवर जोरात फिरणार, आणि बाहेरची कड सावकाश. वर बोटाच्या पेरापेक्षाही कमी पाणी, हिरव्या रंगाचं. पाणी जिथे जाड तिथे गडद दिसणार, पातळ तिथे फिकट. मधलं आणि कडेचं पाणी एकमेकांवर घासलं की लाटा उठतील आणि त्या वळणदार हातांसारख्या दिसतील, असं तिच्या कागदावर आहे. मोटर भंगारातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीची आहे. ती उलटी जोडली जाऊ नये म्हणून लाल तारेला मोठं टोक लावलं आणि काळीला लहान. आता आंधळ्यालाही चुकता येणार नाही.

सूनबाई शेडमध्येच कागद घेऊन बसते. तिथे उकडतं, वंगणाचा वास येतो. तिला म्हटलं घरात पंख्याखाली बस, तर म्हणते इथेच डोकं चालतं.

१६ मार्च, रविवार

गळती. मधल्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून पाणी खाली बेअरिंगमध्ये गेलं आणि यंत्र रेड्यासारखं रेकायला लागलं. उघडून बघतो तर सील उलटं बसलेलं, रबराचा ओठ पाण्याकडे हवा तो खाली. आणि जुनं सील, कडक झालेलं. नवीन आणायला हवं म्हणून मी चप्पल घालून निघालो, तर वेल्डर म्हणाला, "खिशात काय आहे तुझ्या?"

नवीन सील होतं. सकाळीच आणलं होतं.

"काखेत कळसा," वेल्डर म्हणाला. मग सूनबाई चहा आणायला आत गेली तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "पंपावर होतास तोवर एक सील उलटं बसलं नाही तुझं. शिकाऊ होतास तेव्हासुद्धा नाही. आधी फुली, आता हे. अरे, पोरगी पास झाली तर जाणार, एवढी साधी गोष्ट आहे. घाबरला असशील तर घाबरलो म्हण."

मी त्याला म्हणालो, तू तुझं वेल्डिंग बघ, तिथे दोन ठिकाणी भोकं राहिलीत.

वेल्डरच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो. त्याला दुसऱ्याच्या मनातलं काय दिसणार?

१७ मार्च, सोमवार

वेल्डरशी बोलणं बंद.

१८ मार्च, मंगळवार

वेल्डर आला, भोकं बुजवून गेला. दोघंही बोललो नाही. जाताना त्याने माझा दहाचा पाना नेला, म्हणजे उद्या परत द्यायला येणार.

सील सुलट बसलं. मोटर चालू केली, रेग्युलेटर फिरवला. आधी नुसतं पाणी थरथरलं. मग हिरव्यात गडद रेघा उठल्या, वाकल्या आणि हात दिसले! सात. सूनबाईने मोजले, मग मी मोजले. वेग वाढवला तर पाच झाले.

"मला दोन हवेत," ती म्हणाली.

"सात मिळतायत तर दोन कशाला?"

"सुंदर दीर्घिकांना बहुतेक दोनच ठळक असतात."

माझ्या मते जास्त मिळालं तर नाही म्हणू नये. पण गिऱ्हाइकाची मर्जी.

२१ मार्च, शुक्रवार

आज दोन हात आले. वेग वाढवत नेला की हात कमी होतात, हे आता मला झोपेतही सांगता येईल. सातावरून पाच, मग चार, तीन, आणि रेग्युलेटर जवळजवळ शेवटाला नेला की दोन. दोन मोठे, डौलदार, सावकाश फिरणारे. तिथे मी लाल रंगाने खूण केली.

सूनबाईने पंचिंग मशीनमधल्या कागदाच्या टिकल्या पाण्यावर टाकल्या. एकेक टिकली मागून हातात शिरायची, जरा रेंगाळायची आणि पुढून बाहेर पडून पुढच्या हाताकडे निघायची. हात मात्र होते तसेच. गुंडाळणं नाही की गढूळ होणं नाही. वीस आकडे मोजले, दोनशे मोजले, मोजायचं सोडून दिलं. चिरंजीव, वेल्डर, मी आणि ती, चौघं परातीभोवती उभे. वेल्डर म्हणाला, "आयला." चार दिवसांत माझ्यासमोर त्याने काढलेला हा पहिला शब्द.

रेग्युलेटर एका माणसाला सतत सांभाळावा लागतो, कारण मोटर गरम झाली की वेग सरकतो. म्हणून मुलाखतीला मीही जाणार. चिरंजीवांना जमलं असतं खरं, पण सूनबाई म्हणाली, त्यांना मोटरच्या आवाजाचा कान नाही.

२४ मार्च, सोमवार

हे मला नीट लिहिलं पाहिजे.

लांब टेबलामागे पाच जण होते, मधे संचालकबाई. मी कोपऱ्यात परातीशेजारी, हात रेग्युलेटरवर. सूनबाई फार छान बोलली. आधी एका काचेच्या भांड्यात साधा भोवरा दाखवला, शाई टाकली आणि ती नाहीशी होऊ दिली. "सगळ्यांना वाटतं तसं हे असतं, तर आकाशात आज एकही हात दिसला नसता," म्हणाली. मग परातीकडे वळली. "आता हे दोन हात बघा."

हात चार होते. लाल खुणेवर चार!

प्रवासात बॅटरी उतरली असणार. त्यात मला काही अवघड नव्हतं. खुणेच्या पुढे न्यायचा, आवाज ऐकायचा आणि थांबायचं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. ओढणीचं टोक बोटाला होतं.

आणि माझा हात हलला नाही. मनात आलं, नाही झालं तर काय बिघडणार आहे? उद्या घरी परत जाऊ. परवा ती शेडमध्ये कागद घेऊन बसेल. तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात फुली, सील, लांबचा रस्ता, सगळं एका माळेत दिसलं. मेला वेल्डर बरोबर होता. मी लबाडी केली नव्हती, पण माझे हात करत होते आणि मी त्यांना करू देत होतो. छप्पन्न किलोचा पंप एकट्याने उचलणारा माणूस रिकाम्या घराला भ्याला होता. लाज वाटली.

रेग्युलेटर पुढे नेला. तीन. अजून थोडा. मोटरचा आवाज चढला, बसला, आणि दोन.

संचालकबाई खुर्चीवरून उठून आल्या. त्यांनी स्वतः टिकल्या टाकल्या, एका टिकलीबरोबर परातीभोवती चालत राहिल्या. "ही तर बाहेर पडली," म्हणाल्या, "आणि हात तिथेच!" मग पाचही जण वाकले. पंधरा मिनिटांची चाळीस झाली आणि घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, मधे थांबलात ना थोडे?"

मी म्हणालो, "हो. थांबलो."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

२ एप्रिल, बुधवार

पत्र आलं. निवड झाली. सूनबाई खूप रडली. आनंदाने माणूस एवढं रडतो हे माहीत नव्हतं.

"तुम्हीही चला," म्हणाली. तीनदा म्हणाली. मी समजावलं, तुमचं दोन खोल्यांचं घर, नवी नोकरी, त्यात म्हाताऱ्याची अडगळ कशाला? शिवाय इथे पंपहाऊसवाले मला अधूनमधून विचारायला येतात. माणसाला जिथे काम तिथे किंमत. चार वर्षांत दोनदा आलेत, पण येतात.

ती म्हणाली, "काम असतं तर आला असतात?"

म्हटलं, काम असेल तिथे मी कधी नाही म्हणालोय?

११ मे, रविवार

आज गेले. परातीचं यंत्र तारांगणाने कायमचं मागून घेतलं, तेही गेलं. शेड झाडली. आता तिथे बरीच जागा झाली आहे. वेल्डर आला, पाना परत दिला, बराच वेळ बसला. बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी बोललो.

१५ मे, गुरुवार

सूनबाईचा फोन. यंत्राचा पट्टा सरकतोय. कुठला बोल्ट किती आवळायचा ते सांगितलं. इथे असताना तिने तो पट्टा माझ्यादेखत चार वेळा बसवला होता, आता विसरली. नव्या नोकरीत डोकं शिणत असेल बिचारीचं.

१९ मे, सोमवार

पुन्हा फोन. बेअरिंगमधून आवाज येतोय म्हणे. फोन परातीजवळ धरायला लावला, ऐकलं. मला तर काही ऐकू आलं नाही. मागे चिरंजीव हसत होते, कशाला ते कळलं नाही. तारांगणात रोज शाळेची मुलं येतात आणि यंत्र बंद ठेवावं लागतंय, म्हणाली. तिकडे कुणी जाणकार नाही का म्हणून विचारलं, तर एकालाही कान नाही म्हणाली.

२२ मे, गुरुवार

आता तर हद्द झाली. मोटर उलटी फिरतेय! दीर्घिका उलट्या दिशेने वळतेय म्हणून सूनबाई फोनवर अगदी काकुळतीला आलेली. पण लाल तारेला मोठं टोक आहे, काळीला लहान. ती आपोआप अदलाबदल होऊच शकत नाही. दोन्ही टोकं कापून, नवी लावून, कुणीतरी मुद्दाम बसून केल्याशिवाय हे होणं नाही. म्हणजे तिथे कुणीतरी सूनबाईच्या वाईटावर आहे. हे फोनवर निस्तरण्यासारखं काम नाही. मी सरळ सांगितलं, मी येतो.

"कधी?" म्हणाली. तिकीट तिने परवाच काढून ठेवलंय म्हणे, शनिवारचं. मोटर बिघडली आज आणि तिकीट परवा, म्हणजे माझीच ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल.

हत्यारांची पेटी भरली. चार दिवसांचं काम, आठवडा धरून चालू. वेल्डरकडे किल्ली दिली, तर तो म्हणतो झाडांना पाणी मी वर्षभर घालीन. याला चेष्टेशिवाय दुसरं सुचत नाही.

संध्याकाळी सूनबाईचा पुन्हा फोन. येताना स्वेटर आणा म्हणाली, दोन आणा. आत्ता, भर उन्हाळ्यात! परतीच्या तिकिटाचं विचारलं, तर ते काढायचं राहिलं म्हणाली. एवढी शिकलेली मुलगी, आकाशातलं सगळं कळतं, पण महिना कुठला चालू आहे ते कळत नाही. तिच्या समाधानासाठी दोन्ही स्वेटर पेटीत घातलेत.